पाण्यात नुसतं थांबायला शिकले, त्याचे सोळा महिने

८ मे २०२४. अंदमान, स्कुबा डायव्हिंग, पाण्याखाली २६ मीटर. सिलिंडरमध्ये उरलेल्या हवेचा दाब दाखवणाऱ्या माझ्या गेजचा काटा ७० बारवर होता. समोरून एक बाई आली. सकाळीच बोटीवर ओळख झालेली, गाइडने माझी जोडीदार म्हणून लावून दिलेली. तिने गळ्यावरून आडवा हात फिरवला. म्हणजे हवा संपली.

शिकवलं होतं त्याप्रमाणे मी माझा पिवळा, जादाचा रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा ओढायला तोंडात धरतात तो) द्यायला हात खाली नेला. तो जागेवर नव्हता. क्लिपमधून निसटून मागे सिलिंडरपाशी लोंबत होता. मी चाचपडत असताना तिने माझ्या तोंडातलाच ओढून घेतला. किती सेकंद गेले ते सांगता येत नाही. पिवळा हाती लागला, तोंडात घातला, एकमेकींचे पट्टे धरून आम्ही वर आलो. बोटीवर चढले तेव्हा गेजवर १५ बार उरले होते. दोघींना काही इजा झाली नाही. गाइड एवढंच म्हणाला, "पन्नास बारला वर या सांगितलं होतं ना."

नागपूरला परत आल्यावर आठवडाभर झोप लागेना. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. मग एका रात्री वही काढून गणितच मांडलं. ३० मीटरवरून दोन माणसं एकाच सिलिंडरवर वर येतायत असं धरलं. घाबरलेला माणूस पृष्ठभागाच्या दाबाला मिनिटाला २० लिटर ओढतो, म्हणजे दोघांचे ४०. वाटेतला सरासरी दाब पृष्ठभागाच्या अडीच पट. एक मिनिट गोंधळ निस्तरायला, सात मिनिटं सावकाश वर यायला. ४० गुणिले अडीच गुणिले ८, म्हणजे ८०० लिटर. ११ लिटरच्या सिलिंडरमध्ये ते होतात ७३ बार. ५० बार म्हणजे फक्त ५५० लिटर. एकट्या माणसाला ४०० पुरतात.

म्हणजे "पन्नासला वर या" हा नियम एकट्याच्या हिशेबाचा होता आणि आम्हाला पाण्यात मात्र जोडीने सोडलं होतं. माझी भीती तिथे थोडी ओसरली आणि राग आला. हे गणित कुणीतरी आधी केलेलंच असणार, मग शिकवत का नाहीत? शोधायला लागले आणि टेक्निकल डायव्हिंगवाल्यांच्या, म्हणजे हौशी मर्यादेपलीकडे खोल आणि गुहांत जाणाऱ्यांच्या, जुन्या भांडणात जाऊन पोहोचले. ते थोडक्यात सांगते, कारण कोर्स निवडताना मला त्याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला.

या विद्येचं एक घर म्हणजे अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या पाण्याने भरलेल्या गुहा. तिथे माणसं मोठ्या संख्येने बुडाली. शेक एक्स्ले या गुहा-डायव्हरने झालेले अपघात एकेक करून तपासले आणि १९७९ साली त्यावर पुस्तिका लिहिली. बाहेरपर्यंत अखंड दोरी ठेवा. हवेचा एक तृतीयांश आत जाताना, एक तृतीयांश येताना वापरा, उरलेला अडचणीसाठी राखा. साध्या हवेवर फार खोल जाऊ नका. पुढे त्यात रीतसर प्रशिक्षणाची भर पडली. प्रत्येक नियमामागे मेलेली माणसं आहेत. तोच एक्स्ले १९९४ मध्ये मेक्सिकोतल्या झाकातोनच्या खोल विवरात डायव्हिंग करताना मेला. हे कळलं त्या दिवशी पुढे काही वाचता आलं नाही.

त्याच गुहांमध्ये विल्यम होगार्थ मेन नावाचा डायव्हर अंगावरची एकेक अनावश्यक वस्तू काढून टाकत गेला. आजही या सुटसुटीत मांडणीला त्याच्या मधल्या नावावरून 'होगार्थियन' म्हणतात. १९९० च्या दशकात फ्लोरिडातल्याच वकुला स्प्रिंग्जच्या गुहांमध्ये लांब पल्ल्याच्या मोहिमा करणाऱ्या गटाने, जॉर्ज अर्व्हाइन आणि जॅरड जब्लॉन्स्की ही त्यातली ठळक नावं, ही मांडणी उचलली. सगळ्यांची सामग्री सारखी, सगळ्यांचा वायू सारखा, सगळ्यांच्या खुणा सारख्या. त्याला नाव दिलं 'डूइंग इट राइट'. १९९८ मध्ये जब्लॉन्स्कीने ग्लोबल अंडरवॉटर एक्सप्लोरर्स ही प्रशिक्षण संस्था काढली.

भांडण त्या नावातच आहे. आमचं बरोबर म्हटलं की बाकीचे चूक ठरतात. आपल्या पद्धतीने न करणाऱ्याला ही मंडळी 'स्ट्रोक' म्हणत, आणि ती शिवीच होती. दुसऱ्या बाजूचे म्हणत, पाण्यात शेवटी माणूस एकटा असतो, त्याने स्वतःपुरतं समर्थ असावं, सामग्री आपल्या गरजेप्रमाणे निवडावी. खोल पाण्यात साधी हवा चालते की हेलियम मिसळलेलाच वायू हवा, यावर तर वर्षानुवर्षं वाद झाले. नायट्रॉक्सचंही तसंच. जास्त ऑक्सिजनच्या या मिश्रणाला १९९० च्या सुमारास 'सैतानाचा वायू' म्हणणारे लोक होते. आज तो एक-दोन दिवसांचा साधा कोर्स आहे.

मला नियम पटले. ज्या तोऱ्यात ते सांगितले गेले तो पटला नाही, आजही पटत नाही. पण २६ मीटरवर माझ्या तोंडातला रेग्युलेटर ओढला गेला होता आणि या पद्धतीत नेमकं तेच गृहीत धरलेलं होतं. हवा संपलेला माणूस तोंडातलाच ओढणार, म्हणून तोंडातलाच द्यायचा. त्याची नळी सात फूट लांब, म्हणजे चिंचोळ्या बोगद्यातून दोघं एकामागे एक निघू शकतात. आपला दुसरा रेग्युलेटर हनुवटीखाली रबराच्या दोरीत अडकवलेला, हात न लावताही तोंडात घेता येईल असा. हे वाचून मी ठरवलं, या संस्थेचा पहिला कोर्स करायचा. त्याचं नाव फंडामेंटल्स. टेक्निकलचा हा उंबरठा समजतात. खोल कुठे नेत नाहीत. पाण्यात आडवं आणि स्थिर थांबून कामं करायला शिकवतात.

कोर्स दोघा-तिघांच्या गटाने करावा लागतो. माझा भाचा मिहानमध्ये नोकरीला आहे, त्यालाही डायव्हिंग येतं. जुलै २०२४ मध्ये त्याला विचारलं. "मावशी, तू म्हणशील तिथं येतो, पण ते सिगारेटचं काय लिहून राहिले?" धूम्रपान करणाऱ्याला ही संस्था घेत नाही. त्याने गणपतीत सोडली. त्याच्या आईला कोर्स केव्हा आहे हे ठाऊक नव्हतं, पण माझ्यासाठी तिने मोदक पाठवले.

प्रशिक्षक थायलंडच्या कोह ताओ बेटावर मिळाला. तिकडे ऑक्टोबर ते डिसेंबर पावसाळी वारं असतं, त्यामुळे दिवाळीची सुट्टी बाद. मे २०२५ ठरला. दहा महिने हातात होते, आणि तेवढे लागलेच.

कागदपत्रांचं सविस्तर लिहिते, कारण याबद्दल मराठीत मला काहीच सापडलं नव्हतं. पासपोर्टची मुदत मार्चमध्ये संपत होती. नूतनीकरणाची फी १५०० रुपये. मी नोव्हेंबरमध्ये अर्ज केला आणि पोलीस पडताळणी धरून पाच आठवड्यांत हातात आला. नोकरीतून परदेशी जायची परवानगी मात्र एका टेबलावर एकोणीस दिवस पडून होती, कारण 'प्रवासाचं कारण' या रकान्यात मी 'डायव्हिंग प्रशिक्षण' लिहिलं होतं. प्रशिक्षण म्हटलं की वेगळं प्रकरण होतं, वेगळ्या सह्या लागतात. 'खाजगी पर्यटन, उन्हाळी सुट्टी, स्वखर्चाने' असं लिहून अर्ज बदलला आणि चार दिवसांत सही झाली. सुट्टीतच जात असाल आणि पैसे तुमचेच असतील तर पहिल्यांदाच असं लिहा. खोटं काहीच नाही त्यात.

सगळ्यात जास्त दमवलं ते वैद्यकीय प्रमाणपत्राने. डायव्हिंगचा एक ठरलेला प्रश्नांचा अर्ज असतो. त्यात पंचेचाळीशी ओलांडलेल्यांसाठी वेगळी चौकट आहे. मी ४६ वर्षांची, रक्तदाबाची अर्धी गोळी चालू. एका 'हो'मुळे डॉक्टरांची सही आवश्यक झाली. धंतोलीत पहिल्या डॉक्टरांनी अर्ज परत केला. म्हणाले, "मॅडम, आपल्याकडे समुद्र नाही, मी कशाच्या जोरावर सही करू?" त्यांचं खरं होतं. घरी येऊन बघितलं तर त्या अर्जासोबतच डॉक्टरांसाठीची मार्गदर्शक पानं असतात, कोणत्या आजारात काय तपासायचं ते सगळं लिहिलेलं. मी ती छापलीच नव्हती. दुसऱ्या डॉक्टरांकडे पानं घेऊन गेले. त्यांनी अर्धा तास शांतपणे वाचली, ट्रेडमिल टेस्ट आणि टूडी इको सांगितला, कान-नाक-घसावाल्यांकडून कानाचे पडदे तपासून आणायला लावले. सगळं मिळून ५,४०० रुपये. फेब्रुवारीत सही झाली. ही पानं आधी छापा, मगच डॉक्टरांची वेळ घ्या.

विमा वेगळा लागतो. साध्या प्रवास विम्यात डायव्हिंग बहुतेक वेळा वगळलेलं असतं किंवा खोलीची मर्यादा असते. बारीक अक्षरातलं वाचा. आम्ही डायव्हर्स अलर्ट नेटवर्कचं सभासदत्व आणि विमा घेतला.

आता सराव. प्रवेशासाठी पोहण्याची अट आहे. न थांबता २७५ मीटर, चौदा मिनिटांच्या आत. शिवाय एका श्वासात पाण्याखाली १५ मीटर. घराजवळच्या २५ मीटरच्या तलावात अकरा फेऱ्या. डिसेंबरमध्ये मला सोळा मिनिटं लागत होती, मार्चअखेर बारा मिनिटं चाळीस सेकंद.

सात फुटी नळी आणायची कुठून? इतवारीत एका हार्डवेअरच्या दुकानातून बागेचा हिरवा पाईप मोजून २.१ मीटर कापून घेतला. एका टोकाला जुना स्नॉर्केलचा तुकडा बांधला. उजव्या काखेखालून, छातीवरून तिरपा, डाव्या खांद्यावरून मानेमागून फिरवून तोंडात. रोज संध्याकाळी भाचा समोर उभा राहून गळ्यावरून हात फिरवायचा, मी उजव्या हाताने तोंडातलं काढून, मान खाली घालून, त्याला द्यायची आणि डाव्या हाताने हनुवटीखालचं उचलायची. फ्रॉग किकसाठी, म्हणजे बेडकासारखे पाय मारायला, मी दिवाणावर पालथी, गुडघे वाकवून पावलं बाहेर. तो मोबाइलवर चित्रण करायचा. "मावशी, तू पाय नाही, कंबर हलवून राहिली." दीड महिना हेच वाक्य ऐकलं.

९ मे २०२५ ला निघालो. नागपूर–मुंबई–बँकॉक विमानाने, मग रात्रीच्या बसने चुंफॉन, पहाटे बोटीने कोह ताओ. भारतीयांना तेव्हा व्हिसा लागत नव्हता, पण १ मेपासून पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमन-कार्ड भरणं सक्तीचं झालं होतं. ते फुकट आहे. पैसे मागणारं पान उघडलं तर बंद करा, ते सरकारी नाही.

चार दिवसांच्या कोर्सची फी माझी साधारण ५५ हजार, विमान २९ हजार, राहणं-खाणं १८ हजार, धातूची पाठपट्टी आणि पाण्यात तरंग सांभाळायचा हवेचा फुगा भाड्याने ७ हजार. विमा, तपासण्या, बस-बोट धरून माणशी १ लाख २२ हजारांवर गेलं. आमच्यासारख्यांना ही रक्कम मोठी आहे. या पद्धतीवर 'ही श्रीमंतांची शिस्त' अशी टीका होते, ती मी खोडू शकत नाही.

पहिल्या दिवशी पोहण्याची परीक्षा झाली, पास. मग सहा मीटरवर एका दोरीपाशी फक्त थांबायचं. आडवं, गुडघे वाकवून, हात पुढे, नजर समोर. मर्यादा ठरलेली: ठरवलेल्या खोलीपासून दीड मीटरच्या आत वर-खाली आणि शरीर आडव्या रेषेपासून तीस अंशांपेक्षा जास्त तिरकं नको. पुढच्या टेक्निकल पातळीला एक मीटर आणि वीस अंश. वर्गात मी हे अंश सहज शिकवते. पाण्यात एक दीर्घ श्वास घेतला की फुप्फुसात अर्धा-एक लिटर जास्त, तेवढ्यानेच शरीर वर सरकतं, वर सरकलं की फुग्यातली हवा आणखी फुगते, आणि मग थांबत नाही.

प्रशिक्षक प्रत्येक डाइव्हचं चित्रण करतो आणि संध्याकाळी खोलीत पडद्यावर दाखवतो. आवाज चढवत नाही. चित्र थांबवतो आणि विचारतो, "इथे तुझे हात काय करत आहेत?" माझे हात वल्ह्यासारखे चालत होते. मी शपथेवर सांगितलं असतं की ते स्थिर होते. हे चित्रण मला सगळ्यात मोलाचं वाटलं. कुठल्याही संस्थेचा कोर्स घ्या, पण चित्रण करतात का ते आधी विचारा.

दुसऱ्या रात्री मुक्कामाच्या व्हरांड्यात एक म्हातारे इंग्रज गृहस्थ भेटले, जन्मभर गुहांत डायव्हिंग केलेले. मी उत्साहाने जोडीचं आणि सात फुटी नळीचं सांगत होते. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, सॉमरसेटमध्ये आमच्या गुहा खांद्याएवढ्या रुंद आणि गढूळ, तिथे मागे जोडीदार असला तर तोच आपली वाट अडवतो, म्हणून आम्ही एकट्यानेच जातो आणि सगळं दुहेरी नेतो, अंगाच्या दोन बाजूंना. तिकडच्या वूकी होल या गुहेत १९३५ सालीच लोक शिरले होते आणि १९४६ मध्ये त्यांचा केव्ह डायव्हिंग ग्रुप उभा राहिला. म्हणजे ही एकट्याची परंपरा फ्लोरिडाच्या परंपरेपेक्षा जुनी. फ्लोरिडाच्या गुहा रुंद, पाणी नितळ, तिथे तिघं शेजारी शेजारी जाऊ शकतात. मी वर्षभर जे 'बरोबर कोण' म्हणून वाचत होते, त्याचं निम्मं उत्तर गुहेच्या रुंदीत होतं. आपल्याकडे विहिरीत पोहणारा आणि नदीत पोहणारा सूर वेगळा मारतो, तसंच. त्या रात्रीनंतर 'स्ट्रोक' हा शब्द मला आणखीच वाईट वाटायला लागला.

तिसऱ्या दिवशी हवा देण्याचा सराव. भाच्याने गळ्यावरून हात फिरवला आणि माझा उजवा हात आपोआप निघाला. इतवारीचा पाईप आणि खरी नळी यांत हाताला फरक जाणवला नाही. त्याने दोन श्वास घेतले, मला बोटांनी ठीक असल्याची खूण केली. अंदमानच्या त्या बाईचा चेहरा आठवला आणि मास्कच्या आत डोळे भरून आले.

चौथ्या दिवशी मी अडकले. मास्क काढून परत घालायचा. मास्क निघाला की डोळ्यांपुढे सगळं धूसर, खोली कळत नाही, मी नकळत श्वास भरून रोखून धरते. तीन मीटर वर गेले. दुसऱ्यांदा अडीच. तिसऱ्यांदाही मर्यादेबाहेर. संध्याकाळी निकाल: भाचा पास, मी 'प्रोव्हिजनल', म्हणजे सहा महिन्यांत येऊन राहिलेलं पूर्ण करा. त्या रात्री मी जेवले नाही. भाचा दाराशी येऊन म्हणाला, "मावशी, मी पण परत येतो ना, तुला जोडीदार तर लागनच." परतीच्या विमानाआधी पूर्ण चोवीस तास पाण्यात उतरलो नाही. तो दिवस आम्ही बेटावर नुसतं चालत काढला.

नागपुरात जूनपासून एकच काम. सासूबाईंचं जुनं तांब्याचं घंगाळ माळ्यावरून काढलं, त्यात पाणी भरलं, मास्कशिवाय चेहरा बुडवून स्नॉर्केलने श्वास. नाक उघडं, पाण्यात. पहिल्या दिवशी बारा सेकंदांत ठसका लागला. नाकात पाणी लागलं की छाती भरून घट्ट होते, हे तिथे कळलं. मग श्वास मोजायला लागले: चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. आधी श्वास सोडायचा, मग मास्कला हात. ऑगस्टपर्यंत दहा मिनिटं सलग जमायला लागलं. सासूबाई शेजारी खुर्ची टाकून घड्याळ बघत बसायच्या.

दिवाळीच्या सुट्टीत, २४ ऑक्टोबर २०२५ ला, पुन्हा कोह ताओ. आणखी एका दिवसाची फी १२ हजार, विमान या वेळी ३४ हजार. पाऊस होता, पाण्याखाली चार मीटरपलीकडे दिसत नव्हतं. सहा मीटरवर थांबले. श्वास सोडला. मास्क काढला. घंगाळातलं पाणी आठवलं, चार आणि सहा. मास्क घातला, नाकाने फुंकून पाणी काढलं, डोळे उघडले. खोलीच्या गेजवर ६.४ मीटर होतं. भाचा समोर होता तिथेच होता. पास झाले, साध्या पातळीवर. टेक्निकल पातळीसाठी दुहेरी सिलिंडर घेऊन पुन्हा सगळं द्यावं लागेल. त्याचा विचार अजून केलेला नाही.

हिरवा पाईप आमच्या दारामागे खिळ्याला टांगलेला आहे. नागपूर, वर्धा, अमरावतीकडच्या कुणाला सरावाला हवा असेल तर घेऊन जा. फक्त कापू नका, २.१ मीटरच राहू द्या.